करवतीच्या पात्याएवढी फट

साडभाऊ,

तुमचं तेरावं झालं. पंगत उठली, मांडववाला मांडव सोडून घेऊन गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमच्या दारातल्या कडुलिंबाखाली उभ्या असलेल्या गाडीचं बोनेट उघडलं. तुम्ही असता तर आतून ओरडला असता, "मास्तर, हात लावू नका, आमची पाळी हाय!" कुणी ओरडलं नाही. मी बोनेटला टेकू लावला. त्या दिवशी जे झालं ते तुम्हाला सांगायचं आहे, म्हणून पिंगळीला घरी परतल्यावर हे लिहायला बसलोय. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसतील.

लोक विचारतात, तुमचे कोण लागत होते? साडू, म्हणतो मी. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, एवढंच नातं. लोक "असं होय" म्हणतात आणि पुढच्या विषयावर जातात. भाऊ गेला म्हटलं तर खांद्यावर हात तरी ठेवतात. साडू गेल्याचं दुःख करायची आपल्यात रीतच नाही. मला तुमचं सुतक नाही. केस द्यायचे नव्हते, खांदा द्यायलाही भावकी पुढं होती. मी आपला पाहुण्यासारखा चपला सांभाळत मागून चाललो. सोनपेठच्या त्या गर्दीत कुणाला काय माहीत, की या माणसाशी मी जितका भांडलोय तितका सख्ख्या भावाशीही भांडलो नाही. रिकामा झालोय हो मी. भांडायला माणूसच उरला नाही.

आपण गाडी घेतली ती या दोघी बहिणींच्या रुसव्यापायी. राणीसावरगावला माहेरी जायचं म्हटलं की सोनपेठहून आक्का तुमच्यासोबत एसटीनं निघायच्या, पिंगळीहून आमची शोभा माझ्यासोबत रेल्वे आणि एसटी दोन्ही बदलत यायची. एक पोचायची तेव्हा दुसरीची निघायची वेळ झालेली असायची. मग दोघी फाटकात गळ्यात पडून रडायच्या आणि घरी आल्यावर आपल्या नावानं बोटं मोडायच्या. एकदा तुम्हीच म्हणालात, "मास्तर, एकट्याला झेपत न्हाई. दोघं मिळून घिऊ." सगळी सासरवाडी हसली. साडू-साडूंच्या भागीदारीचं काय होतं ते बघू, म्हणाले. पण जन्मभर तहसिलात अव्वल कारकुनी केलेला माणूस तुम्ही. नियम आधी केला आणि गाडी मग आणली. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत गाडी एकाकडे. अमावास्येला ती धुवायची, चाकापुढं नारळ फोडायचा, नवं लिंबू-मिरची बांधायचं, आणि प्रतिपदेला दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडायची. अमावास्येला गाडी द्यायची नाही, म्हणून प्रतिपदा. आणून सोडणाऱ्यानं जेवल्याशिवाय जायचं नाही, हे कलम आक्कांनी घातलं.

जुनी, पांढरी, तीन प्लगची पेट्रोल गाडी ती. सगळी भानगड त्या तीन प्लगांत होती.

आठवीच्या वर्गाला मी प्लग दाखवायचो तेव्हा पोरं अगदी गप्प बसायची. बोटाएवढी वस्तू. पांढरं चिनी मातीचं अंग, त्याच्या मधून गेलेली एक तार, आणि खालच्या टोकाशी बाहेरून वाकवून तिच्यासमोर आणलेली दुसरी तार. दोन्ही तारांच्या मध्ये नखाच्या जाडीएवढी फट. कॉइलमधून जोराचा करंट येतो, त्याला पुढं जायला वाटच नसते, तेव्हा तो त्या फटीवरून उडी मारतो. ती उडी म्हणजे ठिणगी. दट्ट्यानं दाबून धरलेली हवा आणि पेट्रोलची वाफ तिनं पेटते आणि गाडी पुढं जाते. फट फार मोठी झाली तर करंटला उडी मारवत नाही, गाडी मिसिंग मारते, गचके खाते. फार लहान केली तर ठिणगी मिणमिणती पडते, पेट्रोल नीट जळत नाही, प्लगवर काजळी धरते. पोरांना एवढं पुरायचं. तुम्हाला पुरत नव्हतं.

माझं म्हणणं सरळ होतं. गाडी बनवणाऱ्यांनी फट किती ठेवायची ते सांगितलेलं आहे. गेज घालून बघायची, तेवढी भरली तर हात लावायचा नाही, कमीजास्त असेल तर तेवढीच करायची. त्यासाठी मी परभणीच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून पातळ पात्यांचं गेज आणलं होतं. तुमच्या शर्टाच्या खिशात चष्म्याच्या घराशेजारी असायचा करवतीच्या पात्याचा तुकडा. दाते घासून गुळगुळीत केलेला. तो दोन तारांच्या मध्ये अडकेल इतकीच फट तुम्ही ठेवायचा. माझ्यापेक्षा कमी.

"मास्तर, गाडी म्हातारी, कॉइल म्हातारी," तुम्ही म्हणायचा. "तिला यवढी लांब उडी मारायला लावून कामून बेजार करायलाव?"

"अहो, ठिणगी मोठी पडली पाहिजे ना. तुमच्या फटीनं गाडी उभ्या जागी थरथरते. पेट्रोल जास्त खाते."

"थरथरू द्या की. म्हाताऱ्या मानसाचा हात थरथरत न्हाई व्हय? सकाळच्या पारी एका किल्लीत चालू होती का न्हाई, ते बोला."

आणि मग आपण ते केलं, जे दोन शहाण्या माणसांनी केलं नसतं. प्रतिपदेला मी गाडी तुमच्या दारात सोडायचो, जेवायचो, एसटी धरायचो. माझी एसटी गावाबाहेर पडायच्या आत तुमच्या हातात प्लगचा पाना असायचा. तिन्ही प्लग काढायचे, पान्याच्या दांड्यानं बाहेरच्या तारेला टिचकी मारून फट कमी करायची. पुढच्या प्रतिपदेला गाडी पिंगळीला आली की मी पकडीनं तीच तार वर उचलायचो. सोनपेठला खाली, पिंगळीला वर. गाडी पुन्हा मिसिंग मारायला लागली की तुम्ही म्हणायचा मास्तरांमुळं, मी म्हणायचो कारकुनामुळं. खरं कारण एवढंच होतं की वाकवून वाकवून त्या तारेचा जीव गेला होता. लोकांचे प्लग झिजून जातात, आपले वाकवण्यानं गेले.

गंगाखेडच्या अलीकडे गाडी बंद पडली होती ते आठवतं का? दिवाळीची भाऊबीज, दोघी मागच्या सीटवर नव्या साड्या नेसून. आपण दोघांनी दोन्ही बाजूंनी बोनेटमध्ये डोकी घातली. तुम्ही एक प्लग काढून फट कमी केली, मी दुसरा काढून वाढवली, आणि तिसऱ्यावर दोघांचे हात एकदमच पडले. भांडण असं पेटलं की रस्त्यावरच्या बैलगाड्या थांबल्या. दोघी बहिणी बाभळीखाली बसून भावासाठी नेलेल्या करंज्या खायला लागल्या. शेवटी आक्का उठून आल्या, आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "ती वायर लोंबायलीय, ती कशाची हाय?" आदल्या दिवशी तुमच्या दारात प्लगवरून जी वादावादी झाली, तिच्यात एका प्लगची टोपी आपण धड बसवलीच नव्हती. कुणी बसवायची राहिली यावर आपण राणीसावरगावपर्यंत भांडलो. मी अजूनही सांगतो, तुम्हीच.

तुमच्या महेशला आपला कंटाळा आला होता. पुण्याहून येताना त्यानं नवीन तऱ्हेचे प्लग आणले, मधलं टोक सुईसारखं बारीक. "बाबा, काका, यांच्या फटीला हात लावायचा नसतो," तो म्हणाला. "लावला तर टोक मोडतं. बसवा आणि विसरून जा." तुम्ही एक प्लग हातात घेतला, चष्मा कपाळावर नेऊन उलटासुलटा पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या दोघांचं एकमत झालं. तुम्ही तो डबा बंद करून समोरच्या कप्प्यात टाकला आणि म्हणालात, "ह्याच्यात आपल्याला कायच काम न्हाई." पोरगं कपाळाला हात लावून घरात गेलं. तो डबा अजून तिथंच आहे.

आता एक सांगतो, जे तोंडावर कधी सांगितलं नाही.

शोभाच्या पोटात दुखायला लागलं त्या दिवशी गाडी तुमच्याकडे होती. कडाक्याची थंडी, पहाट. मी फोनवर काय बोललो तेही मला आठवत नाही. तुम्ही एवढंच म्हणालात, "निघालो." परभणीच्या दवाखान्यात न्यायला पिंगळीतून दुसरं वाहन मिळेना, आणि दिवस वर यायच्या आत तुमचा हॉर्न वाजला. सोनपेठहून. कानटोपी घातलेली, पायांत आक्कांच्या सपाता. शोभाला आत बसवताना तुमच्या तोंडातून वाफ निघत होती. ऑपरेशन वेळेवर झालं. त्या थंडीत, उघड्यावर उभी असलेली ती म्हातारी गाडी एका किल्लीत चालू झाली म्हणून तुम्ही वेळेवर आलात, आणि ती एका किल्लीत चालू झाली कारण फट तुमची होती. माझी फट असती तर तुम्ही सोनपेठलाच किल्ली फिरवत बसला असता. हे मला तेव्हाच, दवाखान्याच्या बाकड्यावर बसल्या बसल्या कळलं होतं. विज्ञानाचा मास्तर आहे मी. थंड इंजिन आणि दमलेली कॉइल असली की उडी जवळची हवी, हे मला कळत नाही होय?

पण नवल ते नाही. नवल हे की पुढं इतक्या वेळा आपण भांडलो, हातघाईवर आलो, आणि तुम्ही त्या सकाळचा दाखला एकदाही दिला नाही. एकदाही नाही. हुकमाचं पान हातात होतं तुमच्या. माझ्याकडे असतं तर मी दर प्रतिपदेला आपटलं असतं. तुम्ही तो विषय काढायचा नाहीत, आणि मी आभार मानायचे टाळायचो, कारण आभार मानले की फटीचं कबूल करावं लागलं असतं. आता मानतो. ऐकायला तुम्ही नाही, म्हणून सोपं जातंय असं समजू नका. फार अवघड जातंय.

मग गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. प्रतिपदेला तुम्ही गाडी आणून सोडलीत, जेवलात, दुपारच्या रेल्वेनं गेलात. मी सवयीनं प्लग काढले आणि गेज घातलं तर तिन्ही फटी बरोब्बर माझ्या! मला खरं वाटेना. वाटलं, विसरले असतील. पुढच्या पाळीला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या पाळीलाही तेच. मी शोभाला हाक मारून दाखवलं, "बघ, आलं की नाही अव्वल कारकुनाचं डोकं ठिकाणावर!" तिला त्यातलं काही कळत नव्हतं, ती हसून कामाला लागली. मी काय केलं तुम्हाला माहीतच आहे. राणीसावरगावच्या जत्रेला सगळे जमले होते तेव्हा पेढ्यांचा पुडा नेला आणि पाहुण्यारावळ्यांत वाटला. साडभाऊंनी हार मानली म्हणून. तुमच्या हातावर पेढा ठेवला तेव्हा तुम्ही तो सावकाश खाल्लात.

"मास्तर, गोड हाय," म्हणालात.

"अहो, पेढ्याचं नाही, फटीचं बोला."

"तुमी म्हनता तसंच आसंल."

मला ते आवडलं नाही. मनात आलं, हा माणूस असा कसा सहजासहजी सोडून देतो? मला दोन वाक्यं ऐकायची होती, चार शिव्या खायच्या होत्या. तुम्ही आपले लिंबाच्या बुंध्याला टेकून बसून राहिलात, पोरांना फुगे घेऊन दिलेत. मी घरी येताना शोभाला म्हणालोही, यांच्याशी भांडण्यात आता मजा राहिली नाही. ती म्हणाली, वय झालं दोघांचं.

वय नव्हतं झालं, साडभाऊ. पण मला ते तुमच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कळायचं होतं.

तर त्या सकाळी. तेराव्यानंतर लेकीला चार दिवस माहेरी न्यायचं, ही रीत. राणीसावरगावहून मेहुण्यांनी जीप पाठवतो म्हणून निरोप धाडला होता. मी म्हणालो, कशाला, आपली गाडी आहे की. आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, "त्या गाडीत मी न्हाई बसनार. मी यष्टीनं जाईन." शोभानं समजावून पाहिलं, नाही म्हणजे नाहीच. महेशची रजा संपत आली होती. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, आई बसणार नसेल तर ती दारात ठेवून काय करायचं? तिला बघून रोज रडेल. एक गिऱ्हाईक आहे, उद्या येतो म्हणतोय. तुमचं काय म्हणणं?"

माझं काय म्हणणं असणार? अर्धी गाडी माझी, पण अर्धं दुःखही माझ्या नावावर नाही. मी म्हणालो, आक्का म्हणतील तसं. गाडी गेली म्हणजे प्रतिपदा गेली. आक्कांच्या दारात जायला मला मग निमित्त काय उरणार होतं? साडूच्या घरी साडू नसताना कोण कशाला जातो?

म्हणून मी बोनेट उघडलं होतं. विकायचीच असेल तर निदान तुम्ही शेवटची कशी ठेवली होती ते बघू, असं वाटलं. आधी किल्ली फिरवली. तुम्ही गेल्यापासून कुणी हात लावला नव्हता. पहिल्या किल्लीत नुसती कण्हली, दुसऱ्या किल्लीत खोकली, मग कशीबशी धरली आणि एकदा धरल्यावर अगदी एकसारखी चालायला लागली. गुळगुळीत. माझी फट.

आक्का दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. डोक्यावरचा पदर सावरत त्या म्हणाल्या, "मास्तर, बंद करा ती. ही तुमची गाडी हाय."

"आपली आहे आक्का, सगळ्यांची."

"तसं न्हाई. तुमच्या हातची हाय म्हनते मी. त्यायच्या हातची आशी वाजत न्हाई. त्यायची एका झटक्यात चालू व्हती, आन उबी ऱ्हायली की जरा थरथरती. मला चुलीपाशी बसून कळायचं, कुनाच्या पाळीची हाय ते." त्या थांबल्या. "थंडीपासून ह्या दारात तुमचीच गाडी वाजायलीय. रोज वाजली की मी चूल सोडून त्यायला बघाया दारात यायची. म्हनून बसायचं न्हाई मला तिच्यात."

मला अजूनही कळलं नव्हतं. मी म्हणालो, "हो, त्यांनी मान्य केलं होतं ना शेवटी."

आक्कांनी माझ्याकडे बघितलं ते मी कधी विसरणार नाही. राग नव्हता. "कायला मान्य करतेत ते," त्या म्हणाल्या. "त्यायच्यानं पाना फिरंना. डाक्टरनं सांगितलं व्हतं, हृदयात ताकद ऱ्हायली न्हाई, जोर लावायचा न्हाई. पयल्या बारीला पाना लावला आन घामानं भिजून हितं पायरीवर बसले. मी म्हनलं, मास्तरला फोन करते, ते करतील. तर म्हनले, न्हाई सांगायचं. त्याला कळलं की त्यो माझ्यासंगं भांडायचा न्हाई."

साडभाऊ, मी त्या पायरीवर खाली बसलो. तीच पायरी. इंजिन चालूच होतं, बंद करायचं सुचलं नाही. मला पेढा आठवला. तुमच्या हातावर ठेवलेला पेढा आणि तुमचं "गोड हाय." सगळ्या जत्रेत तुम्हाला एकट्याला माहीत होतं की मी काय वाटतोय, आणि तुम्ही खाल्लात. मला जिंकू दिलंत, पण कीव करू दिली नाहीत. आजार कळला असता तर मी खरंच भांडलो नसतो. पिशव्या उचलल्या असत्या, जपून बसा म्हणालो असतो, फट तुमचीच बरोबर असंही म्हणालो असतो. तेच तुम्हाला नको होतं. मला अजून राग येतो तुमचा. एवढ्या मोठ्या गोष्टीत मला वगळायचं होतं का? आणि राग ओसरला की वाटतं, मीही हेच केलं असतं.

आक्का आत गेल्या आणि चष्म्याचं घर घेऊन आल्या. त्यातून त्यांनी तो पात्याचा तुकडा काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

मी इंजिन बंद केलं. गार व्हायची वाट बघत लिंबाखाली बसलो. महेशनं पुढं होऊन समोरच्या कप्प्यातला त्याचा डबा दाखवला, "काका, हे टाकू का? म्हणजे प्रश्नच नको." मी म्हणालो, नको बाबा. प्रश्न राहू दे.

एकेक प्लग काढला. टोकं छान तांबूस होती, काजळी अजिबात नव्हती. माझ्या फटीची जमेची बाजू म्हणून हे तुम्हाला ऐकवल्याशिवाय राहवत नाही. तारेचा बाक मात्र पार शिणलेला. आता फार वेळा वाकायची नाही ती. पान्याच्या दांड्यानं हलकी टिचकी मारायची, पातं घालून बघायचं, पुन्हा टिचकी. तुमचं पातं अडकेल इतकी. पातं तुमच्या अंगठ्यानं एका बाजूला खोलगट झालं आहे, माझा अंगठा तिथं नेमका बसला. मला नीट दिसत नव्हतं. महेशला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला.

तिन्ही बसवले. टोप्या दाबून बसवल्या, दोनदा बघितल्या. आत बसून किल्ली फिरवली.

एका झटक्यात, साडभाऊ. किल्ली पुरती फिरायच्या आत. आणि मग उभ्या जागी ती तुमची थरथर, आरसा हलायला लागला, लिंबू-मिरची डुलायला लागली. आतल्या घरातून भांड्याचा आवाज आला आणि थांबला. थोड्या वेळानं आक्का बाहेर आल्या. हातात पिशवी होती. गाडीपाशी येऊन त्यांनी बोनेटवर तळहात ठेवला, क्षणभर ठेवला, आणि मागचं दार उघडून नेहमीच्या जागेवर, तुमच्या सीटच्या मागे बसल्या. शोभा दुसऱ्या बाजूनं बसली. पिशवी पुढच्या रिकाम्या सीटवर ठेवायला मी हात पुढं केला तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, मी मांडीवर घेते." घरीच थांबलेल्या महेशनं गिऱ्हाइकाला फोन करून काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

गंगाखेडच्या अलीकडच्या त्या बाभळीपाशी शोभानं माझ्याकडे आरशातून पाहिलं, मी आक्कांकडे, आणि आक्का बाहेर बघत होत्या. चढावर गाडी थोडी कुरकुरली. मी एवढंच म्हणालो, बघा, मी म्हणत होतो. सवयीनं डाव्या बाजूला बघून म्हणालो. तिथं कुणी नव्हतं.

राणीसावरगावला पोचलो तेव्हा दारात बाया जमल्या होत्या. आक्का उतरल्या की काय होणार ते त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही. गळ्यात पडणं, हंबरडा, मग एकेकीचं तेच विचारणं आणि आक्कांचं तेच सांगणं. मेहुणे पुढं आले. मी किल्लीकडे हात नेला. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवलं की मी तुमच्या अंगावर कसा यायचो ते तुम्हाला माहीत आहे. दारात गप्पा मारत तुम्ही उभे राहायचा, गाडी आपली सुरू, आणि मी ओरडायचो, "अहो, पेट्रोल जळतंय!"

मागून आक्का म्हणाल्या, "मास्तर, ऱ्हाऊ द्या. आत्ताच बंद करू नका."

मी हात मागं घेतला. बाया थांबल्या. शोभानं बहिणीचा हात धरला. आक्कांनी डोळे मिटून डोकं मागं टेकवलं आणि गाडी आमच्या सगळ्यांसकट त्या दारात थरथरत राहिली. पेट्रोल जळत होतं, साडभाऊ. मी जळू दिलं.